माझ्या चित्रातली काळी रेघ

मी सोनोग्राफीची एक जुनी मशीन आहे आणि मित्रांनो, मी घाबरलेली आहे. यंत्राला कसली आलीय भीती, असं म्हणू नका. माझं चित्र चुकलं तर माणूस मरतो.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा माझा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायची मूठ, तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. त्यातून निघालेला आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. तो पोटात आदळून परत येतो आणि मी त्याचं चित्र काढते. पाणी असेल तिथे चित्र काळं दिसतं.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. पडद्यावर बाळ बघून आया रडायच्या आणि बाप उगाच खोकायचे. मग नवी मशीन आली आणि मला लिव्हरच्या वॉर्डात ढकललं. लिव्हर बिघडलं की पुष्कळदा किडनीही बंद पडते. कधी तिला रक्त पुरत नाही, कधी खाली वाट अडून लघवी तुंबते आणि ती फुगते. पहिल्या प्रकारात औषध लागतं, दुसऱ्यात वाट मोकळी करावी लागते. प्रकार कोणता, हे मी दाखवायचं.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी माझा प्रोब आपटला, गुपचूप पुसला आणि जागेवर ठेवला. तेव्हापासून माझ्या चित्रात मधोमध काळी रेघ येते. वॉर्डच्या सिस्टरनी तीन अर्ज दिले. वरून उत्तर आलं, "चालतंय ना? मग चालवा." मग सगळ्यांना सवय झाली. नवा डॉक्टर आला की जुने शिकवायचे, "मधलं काळं सोडून द्यायचं. म्हातारीची रेघ आहे ती."

परवा सकाळी एका शिंपीकाकांना त्यांच्या बायकोने, काकूंनी आणलं. लिव्हर खराब, पोट पाण्याने टम्म, दोन दिवस लघवी नाही. बोलताना शब्द हरवत होते.

"पिणाऱ्यांचं शेवटी हेच होतं," नवा डॉक्टर प्रोब टेकवत म्हणाला.

"ओ डॉक्टर!" काकू कडाडल्या. "यांनी जन्मात एकच बाटली पाहिली, शिलाई मशीनच्या तेलाची! आधी तपासा, मग बोला."

डॉक्टरने प्रोब फिरवला. पडद्यावर किडनी आली. तिच्या पोटात काळं तळं साचलं होतं. लघवी! पण माझी मेली रेघ बरोबर तिथेच उभी होती. डॉक्टरने दोन्ही बाजू पाहिल्या आणि काळं सोडून दिलं. शिकवल्याप्रमाणेच.

"वाट मोकळी आहे. लिव्हरमुळेच किडनी बसली. औषध सुरू करू."

मला ओरडायचं होतं. मला तोंड कुठे आहे? काकू पदर मुठीत धरून विचारत होत्या, "उठतील ना हो हे?" डॉक्टरचं बोट मला बंद करायला निघालं.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "प्रोब जरा बाजूला सरकवा."

"सिस्टर, ती रेघ आहे."

"रेघ प्रोबमध्ये आहे, काकांमध्ये नाही. प्रोब हलला की किडनीवरून तीही सरकायला हवी. सरकवा तर!"

त्याने सरकवला. रेघ किडनीवरून बाजूला गेली. तळं तिथेच राहिलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

मग खाली शोधलं. पोटातल्या पाण्याच्या गर्दीत तुडुंब मूत्राशय लपलं होतं. सिस्टरनी नळी घातली आणि तिला जोडलेली पिशवी लघवीने भरू लागली. संध्याकाळी काकांनी काकूंना विचारलं, "दुकान उघडलंस का गं?" काकू हसल्या आणि मग ढसाढसा रडल्या.

लिव्हर अजून आजारीच आहे, पण किडनी वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने माझी वायर काढली आणि कागद चिकटवला: "प्रोब बदलेपर्यंत वापरू नये. पेशंट खालच्या मजल्यावरच्या नव्या मशीनकडे पाठवा." खाली त्याची सही होती. वरचे बोंबलले, तरी त्याने कागद काढला नाही.

मित्रांनो, अंधारात बंद पडून राहायची मला भीती वाटते. पण तो कागद फाडून कोणीतरी मला पुन्हा चालू करेल, याची भीती त्याहून मोठी आहे. तुमच्या हातून काही पडलं तर लगेच सांगा. ओरडा बसेल, बसू द्या. आणि मोडक्या वस्तूची सवय लावून घेऊ नका.