राखीचा नंबर

"नंबर माहा आहे, टेकचंदभाऊ. मी उतरत नाई."

राखी जिप्सीच्या पुढच्या सीटवर बसली होती. जंगलाच्या गेटवर अजून धुकं होतं. गाइडांची पाळी लावणारा टेकचंद गाडीशी हात चोळत उभा होता.

"नंबर तुहाच आहे, मी कुठं नाई म्हनतो? पन वरून फोन आला ना. फ्रान्सचे पाहुने आहेत, भूपेंद्रले द्या म्हने."

"काहून?"

"त्याची इंग्लिश बरी आहे."

"अन् माही फ्रेंच?"

मागे शेकोटीजवळचे गाइड हसले. भूपेंद्र तर मनमोकळं हसला. वयाने लहान, इस्त्रीचा शर्ट, आणि मोठ्यांच्या गाडीत बसायची सवय झालेला. "ताई, तुमचं ते ल-ला, ल-ला आयकून वाघ गोंदियापर्यंत पळून जाईन ना!"

गेटचा नियम लहान लेकराला कळावा असा होता. ज्याचा नंबर, त्याला रांगेतली पुढची गाडी. मग गाडीत कोणीही बसो. फेरी झाली की नंबर शेवटी. बाया गाइड झाल्या तेव्हा हाच नियम सगळ्यांनी त्यांना मोठ्या तोंडाने समजावून सांगितला होता.

दोन हिवाळ्यांपूर्वी राखीच्या गाडीत अशीच एक फ्रेंच म्हातारी आली होती. झाडाझाडाकडे बोट करून काहीतरी विचारायची, आणि राखी नुसती हसायची. फेरी संपेपर्यंत हसून हसून तिचे गाल दुखले. घरी येऊन तिने पोरीला म्हटलं, "खुशबू, मोबाइलवर फ्रेंच भेटते का पाह्य."

भेटली. पण त्या भाषेत नुसतं वाघ, घर, झाड म्हणून भागत नव्हतं. प्रत्येकाच्या पुढे एक शेपूट लावायचं. शेपूट पुढे! त्यातही बाई की बुवा ते आधी ठरवायचं, बुवाला 'ल', बाईला 'ला'; मधलं कोणी नाहीच. झाड बुवा, घर बाई.

"घराले बाई कायले केलं असन यायनं?" राखीने विचारलं होतं.

"घरातच राहते म्हनून," खुशबू म्हणाली, आणि दोघी चुलीपुढे खूप हसल्या.

शिवाय, वाघ म्हणजे कोणतातरी वाघ, की आपला ठाऊक असलेला, हेही सांगावं लागे. हे मात्र राखीला पटलं. जंगलात तसंच तर असतं. मग धान कापताना शेतातल्या बांधीत तिचा अभ्यास चाले. बगळा पहिल्यांदा दिसला की 'अँ', तोच उडून पलीकडे बसला की 'ल'. नेहमी चुकायची. चुकली की स्वतःलाच शिवी द्यायची. नवरा श्रावण विळा थांबवून विचारी, "वाघाले कोनती भाषा समजते वो?"

"तुमच्याहून जास्त समजते त्याले."

आता ड्रायव्हर केवळराम खालच्या आवाजात म्हणाला, "उतर वो बाई. उगाच महिनाभर नंबर बंद करतीन तुहा."

ती उतरली. पण दार असं आपटलं की झाडावरची माकडं ओरडली.

पाहुणे आले. एक म्हातारा, एक म्हातारी. म्हातारीने सगळ्यांकडे बघत "बोंझूर" म्हटलं. राखीच्या तोंडात उत्तर तयार होतं. तेवढ्यात भूपेंद्र मध्ये आला, "गुड मॉर्निंग मॅम!" आणि गाडी निघून गेली.

राखीच्या वाट्याला मागची गाडी. भंडाऱ्याचं एक कुटुंब, चिप्सची पाकिटं, रडकं पोरगं. "मॅडम, वाघ दिसला नाई त आमी उतरनारच नाई हा," गृहस्थ म्हणाले.

"नोका उतरू," राखी म्हणाली.

तिने फेरीत काही कमी केलं नाही. पंजाचे ठसे दाखवले, गवे दाखवले, पोराला गप्प राहायची गंमत शिकवली. राग पोटात होता तो पोटातच ठेवला.

परतल्यावर गेटवर वनखात्याचे एक साहेब मोबाइल उंच धरून उभे होते. टेकचंद धावत आला. "राखीबाई, ये लवकर! साहेब व्हिडिओ काढून राहिले. आपल्या गेटची बाई फ्रेंच बोलते म्हनून टाकाचं आहे. त्या मॅडमसंग दोन शब्द बोल."

"बोला ना ताई," भूपेंद्रही म्हणाला. आता तो हसत नव्हता. "ते मॅडम झाडायची नावं इचारत होती, मी नुसता यस यस करत राहिलो."

म्हातारी समोरच उभी होती, आशेने बघत.

"सकाळी नंबर देला?" राखीने विचारलं.

"आता कायचा नंबर वो? व्हिडिओ..."

"नंबर नाई, त भाषा बी नाई. मी माकड नोहो, टेकचंदभाऊ, डमरू वाजवला का नाचाले."

साहेबांचा मोबाइल हळूहळू खाली आला.

गाडीतलं प्लास्टिक गाइडनेच वेचून गेटवर जमा करायचं असतं. राखी पाठ फिरवून मागच्या सीटवर वाकली. पाकिटं, संत्र्याची सालं, एक स्ट्रॉ.

"मादाम?" मागून आवाज आला. अगदी मऊ.

राखीचा हात थांबला. मग तो पुन्हा चालू लागला. सीटच्या फटीत एक पाकीट खोल अडकलं होतं. ते निघेना. तिने नखाने ओढलं, अर्धं फाटलं, उरलेलं परत ओढलं. ते पुरतं निघालं तेव्हाच ती पिशवी घेऊन सरळ उभी राहिली.

पाहुण्यांची मोटार साकोलीच्या रस्त्याला लागली होती. मागच्या काचेत एक पांढरं डोकं अजून गेटकडे वळलेलं होतं.