डुलत होते मी

मित्रांनो, शेडच्या मागे विटांवर टेकवलेली ती निळी, लहानशी मोटार म्हणजे मी. माझी चाकं केव्हाच कुणीतरी काढून नेली. तुम्ही माझ्यात बसता, तोंडाने भुर्र करता, ते मला आवडतं. पण आज जरा गप्प बसा. मला एक कबुली द्यायची आहे.

माझा जन्म शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी झाला. मला घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर-वकील होते. मुरूम आणि डंपर त्यांच्या स्वप्नातही नव्हते. सन अठ्ठावन्नमध्ये देवाजी ठेकेदारांनी मला नागपुरात विकत घेतलं आणि भिलाईला आणलं. पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि देवाजींकडे खोदकामाचा ठेका होता. पहिल्या दिवशी मला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. कामावरच्या बायका टोपल्या खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी फुगले. तेवढंच माझं कौतुक. पुढे सगळा आनंदच होता.

माझा चालक कवडू. भंडाऱ्याकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. त्याचे वडील मालगुजाराची बैलबंडी हाकायचे. दोन वर्षांपूर्वी त्याने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि उभ्याने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. त्यातली दारू न पिण्याची प्रतिज्ञा तो इतक्या हट्टाने पाळायचा, की जिथे मोहाची दारू विकत त्या वाटेने मला नेतसुद्धा नसे. देवाजींनी त्याला याच गुणासाठी ठेवलं होतं. "वर्षभर नीट चालव, प्लांटच्या गॅरेजसाठी चिठ्ठी देतो तुले. निर्व्यसनी, भरवशाचा, असं लिहून देतो," ते म्हणाले होते. प्लांटची नोकरी म्हणजे कायमची नोकरी आणि नळाचं क्वार्टर. कवडूची बायको भागीरथा मजुरांच्या कॅम्पात बांबूच्या तट्ट्याच्या झोपडीत राहायची. न मिळालेल्या त्या क्वार्टरमध्ये चूल कुठे मांडायची, हे तिचं ठरून गेलं होतं.

आता माझी गोष्ट ऐका. नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीकडच्या रस्त्यावर दिवसभर मोठे डंपर धावायचे. त्यांच्या चाकांनी मुरुमात दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. त्या चाकोऱ्यांतलं अंतर डंपरच्या मापाचं, आणि मी अंगाने अरुंद. माझं एक चाक चाकोरीत, तर दुसरं मधल्या उंचवट्यावर. म्हणजे मी जन्मभर एका कुशीवर कललेली! चाकं लहान, म्हणून मोठी गाडी ज्या खड्ड्यावरून सहज जाई त्यात मी पडायचे. पुढची आणि मागची चाकं जवळजवळ, म्हणून पुढचा धक्का निस्तरत नाही तोच मागचा बसायचा. वजनही हलकं. त्यात धक्के जिरवणाऱ्या माझ्या शॉकअपमधलं तेल गळून गेलेलं. कमानपाटे एकदा हलले की हलतच राहायचे, थांबवणारं कुणी नाही. कवडू स्टेअरिंग घट्ट धरायचा, तरी धुळीत माझ्या चाकांची वाट नागमोडीच उमटायची.

"शेठ, शॉकअप बदलवा. गाडी लय डुलून राहिली," तो तीनदा म्हणाला.

"चालून तर राहिली नं?" देवाजी तीनदा म्हणाले.

मग एके दिवशी देवाजींनी ट्रकची फेरी वाचवायला नटबोल्टची चार पोती माझ्या डिकीत कोंबायला लावली. माझी पाठ जमिनीला टेकायची बाकी राहिली. कवडू खाली वाकून बघून आला.

"शेठ, बंडी मागून उलाळ झाली का जू वर जाते, बैलाच्या गळ्याले फास बसते. हे बी तसंच होईल. पुढची चाकं जमीन धरणार नाहीत."

"तू मले बंडी नको शिकवू. हे मोटार आहे. चल!"

देवाजी मागे बसले आणि आम्ही निघालो. खाणीच्या वळणावर मोठा खड्डा होता. मागचं वजन त्यात आदळलं, पुढून मी उचलले गेले. कवडूने स्टेअरिंग पुरतं फिरवलं, पण माझी पुढची चाकं हवेत. ती कुणाचं ऐकणार? मी चाकोरीतून निसटले आणि आडवी होऊन नालीत कोसळले. देवाजींच्या खांद्याचं हाड मोडलं. कवडूला खरचटलंसुद्धा नाही. तेही त्याच्या विरुद्धच गेलं.

माणसं धावून आली. बळीराम नावाचे ओव्हरसियर आले. ते धुळीतल्या माझ्या वाटेकडे बघत म्हणाले, "पाहा बरं कशी गाडी चालवली! शुद्धीतल्या माणसाचं काम आहे का हे?"

"साहेब, मी घेत नाही," कवडू म्हणाला. "जवळ या. माह्या तोंडाचा वास घ्या."

कुणी हललं नाही.

"घ्या नं वास! कोणी बी घ्या."

पंधरा-वीस माणसं होती. एका पावलाचा प्रश्न होता. पण ते पाऊल टाकायचं म्हणजे कवडूचा श्वास आपल्या श्वासात घ्यायचा. त्याने धर्म बदलला होता. त्यांच्या लेखी त्याची जात तीच होती. बळीरामजींनी रुमाल नाकाला लावला आणि जागेवरूनच म्हणाले, "इथूनच येऊन राहिला वास." वास येत होता, मित्रांनो. तो माझ्या फुटलेल्या टाकीतल्या पेट्रोलचा होता.

कवडूने देवाजींकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण पोत्यांचं नाव निघालं तर दोष कुणाकडे जाणार, हेही ठाऊक होतं. ते कण्हत म्हणाले, "मले आधीपासूनच संशय होता."

चिठ्ठी मिळाली, पण दारुडा म्हणून. तिसऱ्या दिवशी कवडू किल्ली द्यायला आला. मला ओढून शेडजवळ आणून ठेवलं होतं. त्याचा डबा माझ्यात राहिला होता, तो घ्यायला भागीरथाही आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ती हळूच म्हणाली, "खरं सांगा, थोडी घेतली होती काय? मी काही म्हणत नाही तुमाले."

तिला कवडूने वास घ्यायला सांगितलं नाही. किल्ली माझ्या बॉनेटवर ठेवली आणि चालू लागला. डबा घेऊन ती चार पावलं मागून गेली. त्यांची झोपडी महिन्याभरात रिकामी झाली. पुढे ते कुठे गेले, मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर देवाजींनी माझे शॉकअप बदलून घेतले. नवा चालक ठेवला. तो दुपारीच पिऊन यायचा. मी मात्र आता बऱ्यापैकी सरळ चालायचे, म्हणून त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मित्रांनो, गाडी डुलली तर आधी तिच्या खाली वाकून बघा, हे मी सांगेन. पण तेवढ्याने भागत नाही. एखादा माणूस हात जोडून म्हणेल, "जवळ या, वास घ्या." तेव्हा तुम्ही एक पाऊल पुढे टाका. मला ते टाकता आलं नाही. मी नालीत पडले होते. बाकी सगळे उभे होते.