समुद्र बघण्याची लायकी

दरवर्षी मार्चमध्ये राजधानीत मोठी सभा भरली, की इकडे गल्लीतून गोंग मास्तरांना समुद्रावर नेत. सरकारी खर्चानं. दारात मोटार, सोबत दोन तरणेबांड पोलीस. एक पिशवी उचलायला, दुसरा मास्तरांना. पंधरवड्यानं मास्तर परत यायचे ते रापलेल्या तोंडानं, हातात सुक्या कोळंबीची पुडी घेऊन. तोवर सभा संपलेली असायची, टाळ्या वाजून झालेल्या असायच्या, आणि या देशात कुणाचीही काही तक्रार नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झालेलं असायचं.

मास्तरांची तक्रार एवढीच होती. त्यांचा मुलगा चौकीत गेला तो स्वतःच्या पायांनी, बाहेर आला तो चादरीत. पलंगावरून पडला, असं त्यांना लेखी कळवलं. तेव्हापासून मास्तर म्हणतायत, तो पलंग मला दाखवा.

मास्तरांच्या दारासमोर स्टुलावर कुआंग यूफन बसायची. दंडाला लाल पट्टी. लोखंडाच्या ओतशाळेतून निवृत्त झाल्यापासून गल्लीवर नजर ठेवायचं काम तिच्याकडे होतं. मास्तरांकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना डोळे पुसत गेलं की कसं, हे सगळं वॉर्ड कचेरीतल्या दोऊ साहेबांच्या कानावर घालायचं. थंडीत नाक गळेस्तोवर बसायचं. बदल्यात नव्या वर्षाला एक साबण, एक टॉवेल आणि सोयासॉसची बाटली.

घरात नवरा होता, बाओशान. ओतशाळेची धूळ त्याच्या फुप्फुसात कायमची मुक्कामाला आली होती. खिडकीपर्यंत जायचं तर वाटेत टेकावं लागे. लग्न झालं तेव्हा त्यानं यूफनला शब्द दिला होता, तुला समुद्र दाखवीन. आता पेन्शन औषधात जात होती आणि शब्द तसाच राहिला होता. याचा श्वास चालू आहे तोवर दोघांनी मिळून एकदा समुद्र बघायचा, एवढंच यूफनला हवं होतं.

"म्हाताऱ्या, आपण जन्मभर पक्षाचं ऐकलं, आपल्याला साबण," ती एकदा चिडून म्हणाली. "हा गोंग जन्मभर भांडतोय, त्याला समुद्र!"

"मग तूही भांड की," बाओशान खोकत खोकत हसला. "साबणानं नुसता फेस होतो."

तो थट्टेत बोलला. ही बाई विचारात पडली. बेतानं भांडायचं, तिनं ठरवलं. मेलेला मुलगा नाही, चौकी नाही, पक्षाचं नाव तर नाहीच. गल्लीतल्या सार्वजनिक संडासाला दार नव्हतं. संडास चालेल.

सभेच्या आधी ती कचेरीत गेली.

"मावशी, तुम्ही?" दोऊ साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "लाल पट्टीवाल्या तुम्ही!"

"संडासाला दार बसवा. नाहीतर सभेच्या वेळी मी राजधानीत जाऊन तक्रार करते."

"दारासाठी राजधानी?"

"वाऱ्यात बसता का तुम्ही कधी?"

बाहेर येताना ती मनातल्या मनात बाओशानची कानटोपी पिशवीत भरत होती.

दोऊ काही वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं एवढी घाबरत नाहीत. त्याच्या वॉर्डातलं एक माणूस जरी राजधानीच्या तक्रार खिडकीपर्यंत पोचलं असतं, तरी त्याची बढती बुडाली असती. आता दार स्वस्तात बसलं असतं. पण दारं बसवणं हे बांधकाम खात्याचं काम. माणसं कोंडणं त्याच्या हातातलं होतं.

गाडी आली तेव्हा यूफननं नवं जाकीट घातलं होतं आणि चहात उकडलेली अंडी डब्यात भरली होती.

"आमच्या म्हाताऱ्यालाही घ्या की."

"तुम्ही आधी बसा, मावशी."

"लांब आहे का हो समुद्र?"

"जवळच," तरणा पोलीस खिडकीबाहेर बघत म्हणाला.

सिमेंटच्या कारखान्यामागच्या एका बंद पडलेल्या लॉजपाशी गाडी थांबली. तिला तळघरात उतरवलं. दोऊ साहेब तिथं आधीच हजर होते.

"अहो, समुद्र?"

"कसला समुद्र?" मग त्यांच्या ध्यानात आलं आणि बिचाऱ्यांना हसू आवरेना. "मावशी, मास्तर पहिल्या श्रेणीतले. त्यांच्याबद्दल परदेशात छापून येतं. तुमच्याबद्दल कोण छापणार? नव्यांना तळघर."

दिवा विझायचा नाही. भिंतीवरचा कॅमेरा तिच्याकडे बघायचा, ती मास्तरांच्या दाराकडे बघायची तसाच. निजायला सिमेंटचा ओटा, जमिनीपासून वीतभर उंच.

"इथे पलंग नाही का रे?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"पलंग? आजी, मी चौकीत नोकरी केलीय. कुठल्याच कोठडीत पलंग नसतो. असे ओटेच."

ती ओट्यावर बसून राहिली. मास्तरांकडून कोण डोळे पुसत गेलं, हे इतकी वर्षं तिनंच तर कचेरीत पोचवलं होतं. डब्यातली अंडी तिच्यानं खाववली नाहीत.

इकडे बाओशान खिडकीत बसून तिच्या नावानं ओरडत होता. खोकायचा, की पुन्हा ओरडायचा. गल्लीत लोक जमायला लागले. सभेच्या दिवसांत गर्दी म्हणजे फारच वाईट. दोऊनं तडकाफडकी निर्णय घेतला आणि म्हाताऱ्याला उचलून समुद्रावर निघालेल्या मास्तरांच्या मोटारीत घातलं.

पंधरवड्यानं तिला सोडलं तेव्हा बाओशान घरी होता. तोंड रापलेलं, उशाशी कोळंबीची पुडी.

"कसा होता?" तिनं विचारलं.

"मोठा. खारट. पोलीस बरेच." तो थांबला, श्वास गोळा केला. "अर्धाच बघितला. अर्धा तुला ठेवलाय."

पट्टी घडी करून तिनं कचेरीत परत दिली आणि तशीच मास्तरांच्या दारात गेली. मास्तर कोबी चिरत होते.

"मास्तर, तिथे पलंग नसतो."

सुरी थांबली. "माहीत होतं," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही म्हणालात. बसा."

वर्षभर यूफन सरकारी कचेऱ्यांच्या खिडकीखिडकीला एकच विचारत फिरली, मला कशासाठी कोंडलं? संडासाला दार बसलं नाही. तिच्या दारासमोर कॅमेरा मात्र बसला.

पुढच्या मार्चात दोऊ साहेब स्वतः मोटार घेऊन दारात आले. "अभिनंदन, मावशी! आता तुम्ही नव्या नाही. यंदा पहिली श्रेणी. दोघांनाही समुद्र."

"मला का कोंडलं ते लिहून द्या."

"कोंडलं कुठे? तुम्ही सरकारच्या पाहुण्या होतात."

"मग पाहुणीला पलंग का नव्हता?"

दोऊचा चेहरा पडला. हा प्रश्न त्यानं याच गल्लीत आधीही ऐकला होता.

"मी समुद्रावर येत नाही. राजधानीला जाते," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"अगं, तो अर्धा..." मोटारीत आधीच बसवलेला बाओशान म्हणाला.

"थांबेल तो. इतकी वर्षं थांबलाय."

एका पोलिसानं तिची पिशवी उचलली. दुसऱ्यानं तिला.

समोर तिच्याच स्टुलावर लाल पट्टी लावून एक नवी बाई बसली होती, थंडीनं नाक लाल झालेली. मोटार वळायला थांबली तेव्हा ती खिडकीशी आली, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, समुद्रावर जायचं तर काय करावं लागतं हो?"

यूफननं तिच्या पट्टीकडे पाहिलं, मग शेजारी धापा टाकणाऱ्या नवऱ्याकडे.

"संडासापासून सुरुवात कर," ती म्हणाली.