शंका म्हणजे दगड

संग्रहालयाच्या तळघरात बसून मी गेली बावीस वर्षं दगड कोरते आणि आतली हाडं मोकळी करते. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? येतो की. पण मनगटं पार कामातून गेली, त्याचं जास्त वाईट वाटतं. म्हणून धाकटीनं यंत्र आणलं तेव्हा मी नाक मुरडलं नाही. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, वरच्या मजल्यावर संगणकाचं काम बघते. तिचा प्रोग्रॅम दगडाचा स्कॅन वाचतो, हाड निळं रंगवतो, दगड करडा ठेवतो. मग यंत्राचा हात करडं तेवढं कोरून काढतो. मला एका दगडाला दीड वर्ष लागतं, त्यानं पाच महिन्यांत सात उरकले. साहेबांनी माझ्याकडे न बघता त्याचं कौतुक केलं, तेही मी गिळलं.

आठवा दगड टेबलावर होता, बरगड्यांपर्यंत कोरून झालेला. आत कुत्र्याएवढा, पाण्यात पोहणारा सरडा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. अकरा वाजता हात पुन्हा चालू व्हायचा होता. मला मात्र सकाळपासून चैन नव्हतं. बसत होते, उठत होते, पुन्हा पडद्यापाशी जात होते. बरगड्यांच्या मागे, पोटात, अंगठ्याएवढे तीन पुसट डाग होते, करड्यात करडे. पोटातली पिल्लं असली तर? न जन्मलेल्या पिल्लाची हाडं कच्ची असतात, स्कॅनमध्ये दगडापासून वेगळी दिसतीलच असं नाही. आणि हात एकदा तिथून फिरला की सगळ्याची भुकटी. मग कुणी कितीही डोकं फोडलं तरी काही कळणार नाही.

धाकटीला खाली बोलावलं. ती चहाचा कप घेऊनच आली, माझ्या खोलीत चहा चालत नाही हे हजारदा सांगूनही. तिनं डागांवर टिचकी मारली. दगड, सत्त्याण्णव टक्के. उरलेल्या तीन टक्क्यांत काय आहे, असं मी विचारलं. ती हसली. तू जन्माचीच शंकेखोर, म्हणाली, आई उगाच नाही सांगायची की ही दूधसुद्धा आधी वास घेऊन प्यायची. एरवी मीही हसले असते, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

"ताई, याला शिकवलंय तूच," ती म्हणाली. "चार हजार चित्रं. माझ्या स्वयंपाकघरात बसून."

आणि मला ते स्वयंपाकघर आठवलं. उकाडा मी म्हणत होता, टेबलावर तिचा लॅपटॉप. मी चित्रावर बोट ठेवून सांगायचं आणि तिनं बटण दाबायचं. बटणं तीन: हाड, दगड, शंका. पहिला आठवडा मी डोळ्यांत तेल घालून बसले. पण शंका म्हटलं की प्रोग्रॅम कारण विचारायचा, दोन ओळी लिहाव्या लागायच्या, आणि शंका तर दर चौथ्या चित्रात. शेवटी मी वैतागले. म्हटलं, शंका म्हणजे दगडच, दाब दगड. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दाबलं. लहानपणापासून ती माझ्या शब्दावर विसंबलेली. त्यानंतरही मला शंका येतच होत्या, यंत्राला तेवढ्या कळवल्या नाहीत.

साडेदहा वाजले होते. हात थांबवायचा तर साहेबांना कारण सांगावं लागणार. खरं कारण सांगितलं तर धाकटीच्या तीन वर्षांच्या कामावर पाणी पडणार. तिचा शोधनिबंध छापून यायच्या बेतात होता. मला तर तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. गप्प बसले तर कुणाला काही कळणार नव्हतं. हा विचार मी केला, लपवत नाही. खोलीत येरझारा घातल्या. मग धाकटीला सगळं सांगून टाकलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं कप खाली ठेवला, साहेबांना फोन लावला आणि आमची चूक झाली असं सांगितलं.

हात बंदच राहिला. मी भिंग लावलं, सुई घेतली. मनगट ठणकत होतं, तरी उठले नाही. चार वाजता पहिल्या डागाच्या कडेला रंग बदलला. मग दिसले तांदळाच्या दाण्याहून बारीक मणके, एकाला लागून एक, आणि आत वळलेली शेपटी. धाकटीला ओढून भिंगापाशी आणलं. मला रडू आवरेना. साहेब धावत खाली आले, पाहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघून बोलले.

धाकटी मात्र भिंगापासून बाजूला झाली. तिनं लॅपटॉप उघडला. काय करतेस असं मी विचारलं नाही, मला कळलं होतं. दगड कोरला गेला तरी त्याचा स्कॅन राहतो. तिनं आधीचे सात काढले. पहिला स्वच्छ होता. दुसराही. तिसराही. माझ्या जिवात जीव यायला लागला. चौथ्यात तिनं चित्र पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. तो सांगाडा आता वरच्या दालनात काचेआड उभा आहे. त्याचं पोट इतकं लख्ख आहे की पलीकडची भिंत दिसते. शेवटचा हात मीच फिरवला होता, ब्रशनं.

"किती?" मी विचारलं.

"पाच."

साहेब अजून भिंगावर वाकलेले होते. कसली पाच, असं त्यांनी तिथूनच विचारलं. धाकटी तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "मी पुसून टाकलेली."