रविवारचं खोकं

कांताबाईंनी वाटूरच्या शाळेत एकतीस वर्षं पोरं शिकवली. त्यातली पंधरा वर्षं तरी पोरांकडून जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली शपथ दिली, की बाजारात प्लास्टिकची पिशवी घेणार नाही. आता त्या निवृत्त होऊन नवीन जालन्यात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होत्या, आणि अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त प्लास्टिक निघायचं ते त्यांच्याच घरातून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हणालं तर तोंड वर करून बोलायची सोय नव्हती.

त्याचं असं झालं. यजमान पुंजाराम तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा नागसेन हैदराबादला नोकरीला. त्यानं आईला तिकडं नेलं, पण तिथं सकाळी नऊ वाजता मुलगा, सून भावना आणि नातू आर्यन आपापल्या वाटेनं निघून जात आणि सातव्या मजल्यावर कांताबाई एकट्या उरत. एकटंच राहायचं तर आपल्या गावात राहावं, म्हणून चार महिन्यांत त्या परत आल्या. मग नागसेननं मोबाइलवरून आईला दर रविवारी किराणा पाठवायला सुरुवात केली.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर ते खोकं पाहावं. पावशेर डाळ, तिला जाड पाकीट. चार सफरचंदं, प्रत्येकाला जाळीचा अंगरखा. मूठभर कोथिंबीर, तिला झाकणाचा डबा. एकदा तर मोसंबी आली. जालन्यात मोसंबी! ज्या जिल्ह्यात पाहुण्याच्या गाडीत जाताना पिशवीभर मोसंबी घातल्याशिवाय निरोप पुरा होत नाही, तिथं कुठल्या तरी लांबच्या गोदामातून चार मोसंबी प्लास्टिकात गुंडाळून घरपोच. आणि घरापासून पाचशे पावलांवर आसराबाई नावाची म्हातारी सकाळी तोडलेली अंबाडी, घोळ, मुळे मांडून बसलेली असायची.

कांताबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्या खोक्याबरोबर एक गोष्ट यायची, ती आसराबाईच्या पाटीत मिळत नव्हती. नागसेनचा फोन.

गल्लीला पाटी नव्हती. पत्त्यात ‘पिंपळाजवळ’ लिहिलेलं, आणि पिंपळ दोन. त्यामुळे खोकं आणणारा दर खेपेला चुकायचा आणि नंबर नागसेनचा असल्यामुळे हैदराबादला फोन लावायचा. मग नागसेन आईला फोन करायचा. “आई, बाहेर जाऊन थांब बरं. तो दुसऱ्या पिंपळाखाली उभा राह्यला.” त्या फाटकात जाऊन हात हलवायच्या. खोकं आत आलं की नागसेन यादी वाचायचा. ही काही त्याची हौस नव्हती, एकदा तेलाची पिशवी कमी आली होती म्हणून.

“तूरडाळ?”

“आली. मागच्या बारीची शिजंना बिलकुल. तुझ्या पप्पांनी ताटच सरकावलं असतं.”

“पोहे?”

“आले. आर्यन खातो का रे पोहे?”

“खातो, पण शेंगदाणे काढून ठेवतो.”

“मंग तुझ्यावरच गेला.”

अशी पंधरा-वीस मिनिटं जायची. कांताबाई मुद्दाम सावकाश शोधायच्या. साबण हातात असला तरी “थांब, खाली दबला असंल,” म्हणायच्या. एकतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेली बाई ही. पण आठवड्यात त्यांच्याशी नीट बोलणारा दुसरा माणूस नव्हता, त्याला त्या तरी काय करणार?

मोडता घातला तो दैवशालानं. ही त्यांचीच वाटूरची विद्यार्थिनी, आता घंटागाडीवर कामाला. एका सोमवारी तिनं कांताबाईंचा डबा गाडीत उलटा केला आणि पाकिटांचा ढीग पाहून थांबली.

“बाई, राग नका येऊ देऊ. पण या गल्लीत येवढं पन्नी-प्लास्टिक कुणाचंच निघत न्हाई. तुम्ही दिलेली शपथ मी अजून पाळून राह्यले. माझ्या पोरीलाबी पिशवी शिवून दिली.”

ती हसत बोलली, टोमणा म्हणून नव्हे. त्यामुळेच जास्त लागलं. कांताबाई रिकामा डबा घेऊन घरात आल्या. वर्गात सगळ्यांसमोर आपलीच वही चुकीची निघावी, तसं त्यांना झालं होतं.

पुढच्या रविवारी यादी संपल्यावर त्यांनी सांगून टाकलं. “नागसेन, आता खोकं धाडू नको बाबा. इथं सगळं ताजं मिळतं. पिशवी घेऊन जाईन, लागंल तेवढंच आणीन. ह्या कागदा-पन्न्यांची लाज वाटून राह्यली.”

त्या मनात धरून होत्या, की तो जरा कुरकुर करेल. म्हणेल, बरं, पण फोन करतो मी. तो म्हणाला, “वा आई, एकदम बराबर! आर्यनच्या शाळेतबी हेच शिकवतेत. चल, ठेवू?”

आणि ठेवला.

घर मात्र सुधारलं, त्यात शंका नाही. कांताबाई पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागल्या. आसराबाईकडून मुळा घेतला तर पाल्याची भाजी आणि मुळ्याची कोशिंबीर; दोडका आणला तर त्याच्या सालींची चटणी. डाळ वाण्याकडून स्वतःच्या डब्यात. एका माणसाला लागेल तेवढंच आणायचं, आणलेलं संपवायचं. कचऱ्याचा डबा आठवडाभरात निम्मा भरेना. दैवशालानं गाडीवरूनच हात जोडले, “जय भीम बाई! आता कसं!” कांताबाईंची मान ताठ झाली.

पण रविवार आला. अकरा वाजले, बारा वाजले. त्यांनी भाकरी थापली, खाल्ली, भांडं विसळलं. फोन ओट्यावरून उचलून पलंगावर ठेवला, पलंगावरून उचलून पुन्हा ओट्यावर. आवाज बारीक झालाय की काय, म्हणून दोनदा पाहिलं. दुसरा रविवार तसाच गेला. तिसराही. मुलगा वाईट नव्हता. फोन करायला काही कारण उरलं नव्हतं, इतकंच. आणि कारण आपणच काढून घेतलं, हे कांताबाईंना आत आत टोचत राहिलं.

चौथ्या रविवारी त्यांनीच लावला. मागून गर्दीचा गलका ऐकू येत होता.

“काय गं आई, काही काम होतं का?”

‘काही नाही, तुझा आवाज ऐकायचा होता’ हे सहा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. पण या घरात असं कुणी कधी बोललेलं नव्हतं. पुंजारामसुद्धा दवाखान्यात शेवटपर्यंत ‘घरी गेल्यावर लाइटबिल भर’ म्हणत होते. कांताबाई म्हणाल्या, “गुडघा दुखून राह्यला रे. बाजार न्हाई होत. खोकं धाडत जा पहिल्यासारखं.”

खोटं होतं. गुडघा ठणठणीत होता. जन्मभर शिकवलेलं एका वाक्यात पाण्यात गेलं, हे त्यांना कळत होतं, आणि तरी जीव हलका झाला होता.

“धाडतो ना! डॉक्टरला दाखव मात्र,” तो म्हणाला.

रविवारी त्यांनी सकाळीच आवरलं. नवी इरकल नेसल्या, तेही फोनवर दिसणार नाही हे माहीत असून. अकराला फाटक वाजलं. दारात माणूस उभा, हातात खोकं.

“तुम्हाला सापडलं घर?” कांताबाईंनी विचारलं.

“सरांनी नकाशात खूण करून दिली ना मावशी. आता चुकायचं कामच न्हाई. नंबरबी तुमचाच टाकला.” खोकं उंबऱ्याच्या आत ठेवून तो गेला.

मोबाइलवर नागसेनचा निरोप येऊन पडला होता. ‘आई, दर रविवारचं कायमचं लावून दिलं. आता तुला फाटकात उभं राहायचा त्रास नको.’ खाली जोडलेल्या हातांचं चित्र.

कांताबाई खोक्याशेजारी खाली बसल्या. आतली पाकिटं त्यांनी उघडली नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर न पाहताच त्यांनी कानाला लावला. “हां नागसेन, बोल!”

“नमस्कार,” एक गोड बाईचा आवाज म्हणाला. “आपलं सामान आपल्याला मिळालं का? मिळालं असल्यास एक दाबा.”

मशीन बोलतंय हे कांताबाईंना पहिल्याच शब्दाला कळलं होतं. तरी त्यांनी फोन कानापासून काढला नाही.

“मिळालं, पोरी,” त्या म्हणाल्या. “पण सामान नको होतं गं मला. त्याचा फोन पाहिजे होता.”

“क्षमा करा, आपलं उत्तर समजलं नाही.”

कांताबाईंनी एक दाबलं.