न कापलेला पडदा

प्रयोगशाळेत तिला सगळे 'शंका' म्हणत. कुठलाही निकाल दाखवा, हिचा पहिला शब्द 'पण', मग दुसरं काय म्हणणार! प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांना तर तिची सावलीही नकोशी झाली होती.

सरांचा जीव होता एकाच प्रथिनाला चिकटावी म्हणून त्यांनी बनवून घेतलेल्या अँटिबॉडीत. शरीरात पिरिमिडीन हा डीएनएचा घटक मोडणारं एक प्रथिन, एक एन्झाइम असतं. कॅन्सरचं एक नेहमीचं औषधही तेच मोडतं. ज्याच्या अंगात ते नाही, त्याला पूर्ण डोस म्हणजे विषच. रक्ताच्या नमुन्यातली प्रथिनं उतरवलेल्या कागदासारख्या पडद्यावर अँटिबॉडीने काळा पट्टा दाखवला, की एन्झाइम आहे, बिनधास्त डोस द्या, असं सरांचं गणित. अँटिबॉडी जपून वापरायची म्हणून पडद्याचा अपेक्षित जागेपुरता तुकडा कात्रीने कापून घ्यायचा, उरलेला कचऱ्यात, ही तिथली रीत.

आणि आता तिच्या मामालाच सोमवारी ते औषध सुरू होणार होतं. त्याचा पट्टा ठसठशीत आला होता, मामा खूश होता. पण मामाची सख्खी बहीण, तिची मावशी, याच औषधाच्या पहिल्या डोसाने तोंडभर फोड येऊन दगावली होती.

तिने मामाच्या नमुन्याशेजारी एन्झाइम मुद्दाम काढून टाकलेल्या पेशी लावल्या आणि पडदा अख्खा ठेवला. सर फाडून खातील, शेजारचा मित्र म्हणाला. खाऊ देत, म्हणाली.

पडदा बघून तिने कपाळाला हात लावला. वरपासून खालपर्यंत पट्टेच पट्टे. आणि एन्झाइमचा मागमूस नसलेल्या पेशींतही तोच पट्टा, त्याच जागी, मामाच्या पट्ट्याइतकाच काळा. अँटिबॉडी नावाची ही बया दिसेल त्याला चिकटत होती!

सर आधी म्हणाले, तुझा हात चुकला. मग आवाज चढला. या अँटिबॉडीवरचा शोधनिबंध छापायला गेलाय, पडदा कापून टाक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. तिची पीएचडीची पदवी अगदी हाताशी आली होती.

"कापायचा तर तुम्ही कापा," तिने कात्री त्यांच्यापुढे ठेवली. "माझ्या हातून व्हायचं नाही."

सरांनी कात्रीला हात लावला नाही. तिने पडदा उचलला आणि तडक मामाच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी सोमवारचं औषध थांबवलं, नमुना जनुकांच्या तपासणीला पाठवला. निकाल आला: मामाच्या अंगात ते एन्झाइम जवळजवळ नव्हतंच.

तोवर प्रयोगशाळेचं दार तिच्या कार्डाने उघडेनासं झालं होतं. मामाचा चेहरा पडला.

"माझ्यापायी तुझी पदवी गेली ना, पोरी?"

"गेली तर गेली. त्या निबंधावर माझंही नाव आहे, मामा. ते काढायला लावणार आहे, आणि का काढलं तेही छापायला लावणार आहे. सरक जरा."

मामाने पाय आखडून घेतले, आणि तिने त्याच्या पलंगावरच लॅपटॉप उघडला.