पंखावरच्या तीन रिबिटा

“पायतान काढा, मग आत या,” नाथाजी थोरात म्हणाले.

गुऱ्हाळावर रस आटवायच्या रिकाम्या काहिलीत ते मधोमध उकिडवे बसले होते, हातात हातोडी. मी बूट काढून कड ओलांडली. मलकापुरात पत्ता विचारला तेव्हा लोक ‘इमानवाले नाथाजी’ म्हणाले होते, आणि हसले होते.

“मी सांगलीचा गंगाधर लेले. गेल्या वर्षी जुलैत विलायतेला निघालो, तेव्हा मुंबईला तुम्ही आमचं विमान अडवलंत.”

त्यांचा चेहरा उतरला. “लय शिव्या घातल्या आसतीला तुमी.”

घातल्या होत्या. आम्ही अडतीस प्रवासी सहा तास ताटकळलो. विमान नवे कोरे. पण या फिटरला पंखाचा पत्रा जोडणाऱ्या तीन रिबिटांभोवती काळी कडी दिसली. कंपनीचा साहेब म्हणाला, तेलाचे डाग आहेत. नाथाजींनी डाग पुसले, तंबाखूच्या डबीतला चुना तिथे फासला, वाळू दिला आणि इंजिन चालवायला लावले. काहिलीची ढिली रिबीट ते अशीच हुडकत. थोड्याच वेळात पांढऱ्यावर तीन काळी वर्तुळे उमटली. आम्हांला दुसऱ्या विमानाने पाठवले. आठ दिवसांनी नाथाजींना कामावरून काढले, हे मला परत आल्यावर कळले.

“चुना पत्रा खातो, म्हनलं सायेब. त्येच कारन दावून काडलं.”

“खातो. ते खरंच आहे.” ओला चुना ॲल्युमिनियमला खातोच, खोटे कसे बोलू?

बाहेर लाकडे रचणाऱ्या त्यांच्या पत्नी, राहीबाई, तडकल्या. “आवं, ह्ये सांगाया सांगलीवरनं आलासा व्हय?”

“नाही, मावशी.” मी तिकडे धातूंचाच अभ्यास करत होतो. त्या पंखाचा अहवाल आमच्या प्रयोगशाळेत आला होता. “कारखान्यातच रिबिटांची भोकं मोठी पडली होती. तिन्हींतून आत चिरा गेल्या होत्या. तसली सगळी विमानं परत बोलावली. आम्ही अडतीस जण जिवंत आहोत ते यांच्यामुळं.”

मी वाकून नाथाजींच्या पायांना हात लावला.

त्यांनी खांदे धरून मला उठवले. “म्हंजी चिरा व्हत्या. दीड वरीस ह्येच घोळतंय डोक्यात, उगंच थांबिवलं का काय.” मग मोठ्याने, “आयकलंस का गं?”

“आयकलं की. भैरी हाय व्हय मी?” राहीबाईंनी तोंड फिरवले आणि त्या रस आणायला गेल्या.

“कंपनीला पत्र लिहितो. परत घेतील.”

“नगं. हितं बरं हाय.” ते जरा अडखळले. “एक इचारू? सा वर्सं इमानाखाली काढली, गड्या. आत बसून कवा उडालो न्हाई. कसं आसतंय त्ये?”

हातोडी बाजूला ठेवून, सरकून त्यांनी मला शेजारी जागा केली. विमानात कानांत घालायला देतात त्या कापसापासून मी कराची, बसरा, कैरो असे सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

“आसं न्हाई. चाक भुईवरनं सुटलं, तितनं सांगा.”